घाट चढायला दोन टर्बो हवेत का?



आंब्याच्या हंगामात कोल्हापूरच्या मार्केट यार्डात पहाटे गेलात, तर कोकणातून आलेल्या पिकअप गाड्यांची रांग तुम्हाला दिसेल. हापूसच्या पेट्या भरून या गाड्या रात्रीतून सह्याद्री चढून आलेल्या असतात. कुणी करूळ घाटाने गगनबावड्यावरून येते, कुणी फोंडा घाटाने राधानगरीवरून, तर कुणी आंबा घाटाने मलकापूरवरून. परतीच्या खेपेला त्याच गाड्यांत गूळ आणि भाजीपाला भरला जातो. कोकण आणि देश यांच्यामधली ही देवघेव एके काळी बैलांच्या पाठीवरून चालत असे. आज ती डिझेल इंजिनाच्या जोरावर चालते.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे, त्यांनी ‘टर्बो’ हा शब्द नक्कीच ऐकला असेल. मोबाइलवर परदेशी पिकअप गाड्यांच्या चित्रफिती पाहणाऱ्या मुलांना त्यापुढचाही शब्द ठाऊक असतो. तो म्हणजे ‘ट्विन टर्बो’, अर्थात एकाच इंजिनाला जोडलेले दोन टर्बो. मग साहजिकच प्रश्न पडतो की एका टर्बोने गाडीला एवढे बळ येते, तर दोन टर्बोंनी किती येईल? आपल्या गाडीला दुसरा टर्बो बसवून घेतला तर काय बिघडेल?

माझे मत मी आधीच सांगून टाकतो. आपल्या घाटांतून माल वाहणाऱ्या पिकअपला दुसऱ्या टर्बोची गरज नाही, आणि बाहेरून तो बसवून घेणे घातक आहे. पण हे केवळ मी म्हणतो म्हणून तुम्ही मान्य करू नये. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने प्रत्येक मतामागचा हिशेब मागितला पाहिजे. तो हिशेब नववी-दहावीच्या गणितात बसणारा आहे. तेव्हा कागद-पेन्सिल घ्या आणि माझ्याबरोबर चला.

इंजिनाचा श्वास

डिझेल इंजिन शक्ती कशातून मिळवते? ‘डिझेलमधून’ असे उत्तर तुम्ही द्याल. ते बरोबर आहे, पण अर्धेच. चुलीत लाकडे कितीही कोंबली आणि हवा मात्र मिळाली नाही, तर जाळ होत नाही, नुसता धूर होतो. इंजिनाचेही तसेच आहे. १ किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे १४.५ किलो हवा लागते. प्रत्यक्षात सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा उडाल्यावर त्याच्या प्रत्येक थेंबाला क्षणार्धात हवा मिळावी लागते. म्हणून बिनधुराच्या ज्वलनासाठी २० किलोच्या आसपास हवा दिलेली बरी. थोडक्यात, इंजिन किती डिझेल जाळू शकेल हे त्याच्या श्वासावर ठरते.

आता हा श्वास मोजू. मालवाहू पिकअपचे इंजिन साधारण अडीच लिटरचे असते असे धरा. म्हणजे त्याच्या चारही सिलिंडरांत मिळून एका वेळी अडीच लिटर हवा मावते. हे इंजिन चार धावांचे असल्यामुळे दर दोन फेऱ्यांमागे एकदा ते ही हवा आत घेते. मिनिटाला २,००० फेऱ्या होत असतील, तर १,००० वेळा अडीच लिटर, म्हणजे २,५०० लिटर किंवा अडीच घनमीटर हवा दर मिनिटाला आत जाईल.

या हवेचे वस्तुमान किती? समुद्रकाठी ३० अंश सेल्सिअस तापमानाला १ घनमीटर हवा सुमारे १.१६ किलो भरते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथली हवा पाच टक्क्यांच्या आसपास विरळ असल्याने तोच आकडा १.१ किलो होतो. शिवाय सिलिंडर दर वेळी काठोकाठ भरत नाही. ही घट वजा केली, तर मिनिटाला सुमारे २.४ किलो हवा उरते. एवढ्या हवेत १२० ग्रॅम डिझेल स्वच्छ जळेल.

१ किलो डिझेलमध्ये सुमारे ४३ दशलक्ष ज्यूल ऊर्जा असते. त्या हिशेबाने १२० ग्रॅममधून मिनिटाला ५२ लाख ज्यूलच्या आसपास, म्हणजे ८६ किलोवॅट मिळतात. मात्र यातला एक-तृतीयांश भागच चाकांच्या कामी येतो. बाकीची ऊर्जा रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून उष्णतेच्या रूपाने निघून जाते. उरतात सुमारे २९ किलोवॅट, म्हणजे ३९ अश्वशक्ती. हा आकडा लक्षात ठेवा. टर्बो नसलेल्या इंजिनाची २,००० फेऱ्यांना ही मजल आहे.

फुकट जाणाऱ्या वाऱ्यावर चालणारी फिरकी

सायलेन्सरमधून फुकट जाणाऱ्या या उष्ण वायूचा उपयोग करून घेण्याची युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याला सुचली. त्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. युक्ती अशी की इंजिनातून जोराने बाहेर पडणाऱ्या वायूच्या वाटेत एक फिरकी, म्हणजे टर्बाइन ठेवायचे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक फिरकी बसवायची. टर्बाइन फिरले की दुसरी फिरकीही फिरते आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. टर्बो म्हणतात तो हाच. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेऱ्या घेऊ शकतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो.

ही कल्पना रुळायला वेळ लागला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, अमेरिकेतील सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने विमानाचे एक इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या शिखरावर नेले. हे शिखर सुमारे ४,३०० मीटर उंच आहे. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन तिथल्या विरळ हवेत २३० अश्वशक्तीवर आले. टर्बो जोडताच मात्र ते ३५६ अश्वशक्ती देऊ लागले. पुढे काही वर्षांतच दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना ब्यूखीच्या पद्धतीचे टर्बो बसवले गेले. त्यांची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. इंजिन तेवढेच, श्वास मात्र मोठा!

आपल्या पिकअपच्या इंजिनाला टर्बोने १.८ पट दाबाची हवा दिली असे समजा. मग हवाही १.८ पट मिळेल का? नाही. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, हे तुम्ही अनुभवले असेल. हवा दाबली की तापते आणि तापली की पसरते. ३० अंशांची हवा टर्बोमधून १.८ पट दाबाने बाहेर पडताना ११० अंशांच्या आसपास तापलेली असते. अशा तप्त हवेचे वस्तुमान १.८ पट न भरता केवळ १.४ पट भरते. म्हणून ती इंजिनात जाण्यापूर्वी पुढच्या जाळीतल्या ‘इंटरकूलर’मध्ये थंड करतात. ती ५० अंशांवर आणली, तर वस्तुमान सुमारे १.७ पट होते. आता हवेबरोबर डिझेलही १.७ पट जाळता येईल आणि ३९ अश्वशक्तीच्या जागी सुमारे ६५ अश्वशक्ती मिळतील.

इथे एक गोष्ट मनाशी नीट बांधून ठेवा. टर्बो स्वतः शक्ती देत नाही, तो हवा देतो. शक्ती डिझेल देते. हवा न वाढवता डिझेल वाढवले, तर ते अर्धवट जळते आणि काळा धूर होऊन बाहेर पडते. काही वाहनांच्या मागे दिसणारा काळाकुट्ट लोट हे पुष्कळांना ताकदीचे लक्षण वाटते. वास्तविक तो न जळलेला कार्बन असतो. मालकाचे पैसे आणि मागून सायकलवर येणाऱ्या मुलाची छाती, असा दोघांचाही तो तोटा असतो. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होऊ शकतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला आहे.

दोन टर्बोंच्या दोन रीती

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दोन टर्बो जोडण्याच्या मुख्य रीती दोन आहेत आणि त्यांतला फरक तुमच्या विजेच्या धड्यातल्या समांतर व एकसर जोडणीसारखा आहे.

पहिली रीत समांतर जोडणीची. सहा किंवा आठ सिलिंडरांच्या मोठ्या इंजिनात अर्ध्या सिलिंडरांचा वायू एका टर्बोला आणि अर्ध्यांचा दुसऱ्याला देतात. प्रत्येक टर्बो निम्मी हवा हाताळतो. त्यामुळे तो आकाराने लहान ठेवता येतो आणि चटकन वेग घेतो. मात्र यात दाब दुप्पट होत नाही. दोन नळांनी एक हौद भरावा, तसा हा प्रकार आहे.

दुसरी रीत एकसर जोडणीची. यात एक टर्बो मोठा आणि एक लहान असतो. मोठा टर्बो पुष्कळ हवा देऊ शकतो, पण त्याची जड फिरकी वेग घ्यायला वेळ लावते. चालकाने पाय दाबल्यावर क्षणभर गाडी सुस्त वाटते, ती यामुळेच. लहान टर्बो कमी फेऱ्यांनाच कामाला लागतो, पण इंजिनाचा वेग वाढला की त्याच्या अरुंद वाटेत वायू कोंडतो. म्हणून सुरुवातीला लहान आणि नंतर मोठा अशी त्यांची पाळी लावतात. दोघे एकदम चालवले, तर एकाने दाबलेली हवा दुसरा आणखी दाबतो. अशा वेळी दाबांच्या पटींची बेरीज न होता गुणाकार होतो. १.८ पट आणि पुन्हा १.८ पट म्हणजे ३.२४ पट! मोह पडतो तो या गुणाकाराचा, आणि धोकाही त्यातच दडलेला आहे.

घाट किती शक्ती मागतो?

दुकानदाराला ‘काय काय आहे?’ असे विचारण्याआधी ‘मला काय हवे आहे?’ हे आपण ठरवतो. तसाच प्रश्न घाटाला विचारू.

मालासकट पिकअपचे वस्तुमान ३,००० किलो धरा आणि चढ १५ मीटरला १ मीटर धरा. गाडीचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर आहे. त्या वेगाने गाडी दर सेकंदाला दोन-तृतीयांश मीटर उंच चढते. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि दर सेकंदाला चढलेली उंची यांचा गुणाकार केला, तर १९,६०० वॅट, म्हणजे १९.६ किलोवॅट येतात. चाकांच्या घर्षणाला सुमारे साडेचार आणि हवेच्या विरोधाला सव्वा किलोवॅट मिळवा. गिअर आणि दांड्यांतली गळती १५ टक्के धरली, तर इंजिनाने सुमारे ३० किलोवॅट, म्हणजे ४० अश्वशक्ती द्यायला हवी.

मघाचा आकडा आठवा. बिनटर्बोचे इंजिन ३९ अश्वशक्ती देत होते. म्हणजे ते या चढावर जेमतेम पोहोचते आणि हाताशी काहीच शिल्लक राहत नाही. एक टर्बो असलेले इंजिन ६५ अश्वशक्ती देते, म्हणजे २५ अश्वशक्ती शिल्लक राहतात. पहिला टर्बो ही चैन नसून गरज आहे, हे यावरून पटेल.

आता वेग ताशी ५४ किलोमीटर करू. तोच हिशेब पुन्हा मांडला, तर सुमारे ६४ अश्वशक्ती लागतील. तेवढी शक्तीही एका टर्बोत मिळते आहे. ‘पण मला याहून वेगाने घाट चढायचा आहे’ असे कुणी म्हणाले, तर त्याला वळण काय म्हणते ते ऐकवा. घाटातल्या एका आवळ वळणाची त्रिज्या २० मीटर धरा. ताशी ५४ किलोमीटर वेगाने ते घ्यायचे, तर अभिकेंद्री त्वरण वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे २२५ भागिले २०, अर्थात ११.२५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे लागेल. हे गुरुत्वत्वरणाहूनही अधिक झाले. कोणत्याही पिकअपचे टायर एवढी पकड देऊ शकणार नाहीत. ताशी ३६ किलोमीटरला हा आकडा ५ होतो. पेट्यांची उंच थप्पी असलेल्या गाडीला तोही उलथवू शकतो. ताशी २५ किलोमीटरला तो २.४ वर येतो आणि चालक सुखरूप वळतो.

तेव्हा घाटात वेगाची मर्यादा इंजिन ठरवत नाही, रस्ता ठरवतो. वळण संपल्यावर कमी फेऱ्यांतून गाडी जोमाने उचलली जावी, एवढीच चालकाची खरी गरज असते. तीही भागवण्याचे साधन आज एका टर्बोतच सापडते. काही टर्बोंत टर्बाइनभोवती हलती पाती बसवलेली असतात. इंजिनाचा वेग कमी असताना ती वाट अरुंद करतात आणि वेग वाढला की रुंद करतात. पाण्याच्या नळीचे तोंड बोटाने दाबले की धार लांब जाते, तेच हे तत्त्व. एकच टर्बो प्रसंगी लहान आणि प्रसंगी मोठा होतो, असे म्हणायला हरकत नाही.

पिस्टनच्या डोक्यावर दहा टन

दुसरा टर्बो घेतला आणि तो वापरला नाही, तर नुसते पैसे वाया जातील. वापरला तर काय होईल, तेही पाहू.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते. आत आलेली हवा अठराव्या हिश्शाच्या जागेत कोंबली जात असेल, तर तिचा दाब वातावरणाच्या सुमारे ५० पट होतो. पिस्टनचा व्यास ९ सेंटीमीटर धरला, तर त्याच्या डोक्याचे क्षेत्रफळ ६३.६ चौरस सेंटीमीटर येते. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो वजनाएवढा असतो. म्हणजे डिझेल पेटण्याच्या आधीच पिस्टनवर सव्वातीन टनांच्या आसपास भार येतो. एका टर्बोने हवा १.८ पट दाबाने आली, तर हा भार ५.७ टन होतो. दोन टर्बोंनी ३.२४ पट दाब दिला, तर तो १० टनांच्या पुढे जातो! डिझेल पेटल्यावर तो आणखी वाढतो तो वेगळाच.

हा भार पिस्टनखालची पिन, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, हेडचे बोल्ट आणि गॅस्केट या सर्वांनी मिनिटाला हजार वेळा सोसायचा असतो. कारखान्यात दोन टर्बोंचे इंजिन आखताना हे सर्व भाग त्या बेताने जाड करतात. आकुंचनाचे प्रमाण अठरावरून खाली आणतात. पिस्टनला खालून तेलाचा फवारा देतात, रेडिएटर वाढवतात. नंतर कधीतरी गॅरेजमध्ये दुसरा टर्बो टांगणाऱ्याला यांतले काहीच करता येत नाही. परिणामी गॅस्केट फुटते, पिस्टन वितळतो किंवा रॉड वाकतो. आणि हे घडते ते भर चढावर, कारण पूर्ण भार तिथेच येतो.

जगातली उदाहरणे काय सांगतात?

दोन टर्बो ही कल्पनाच चुकीची आहे, असे मात्र मुळीच समजू नका. फोक्सवॅगन कंपनीची अमरोक ही पिकअप २०१० साली आली, तेव्हा तिच्या दोन लिटरच्या लहानशा इंजिनाने एका टर्बोवर १२२ आणि दोन टर्बोंवर १६३ अश्वशक्ती दिली. लहान इंजिनातून कमी फेऱ्यांनाही जोर आणि अधिक फेऱ्यांनाही शक्ती, असे दोन्ही हवे असेल, तर ही रचना उपयोगी ठरते. पण त्याच गाडीला २०१६ साली तीन लिटरचे नवे इंजिन मिळाले. त्यात एकच टर्बो होता आणि शक्ती २२४ अश्वशक्तीपर्यंत गेली.

अमेरिकेतील फोर्ड कंपनीने २००८ सालच्या आपल्या मोठ्या पिकअपमध्ये ६.४ लिटरच्या डिझेल इंजिनाला एकसर जोडणीचे दोन टर्बो दिले होते. २०११ सालच्या गाडीत त्याच्या जागी ६.७ लिटरचे इंजिन आले. त्याला एकच टर्बो होता आणि शक्ती आधीहून अधिक होती. म्हणजे ज्यांच्यापाशी प्रयोगशाळा, संगणक आणि हजारो तासांच्या चाचण्या आहेत, ते अभियंतेसुद्धा कधी दोन टर्बो घेतात, तर कधी एकावर परत येतात. ते कामाकडे पाहून निवड करतात. संख्या मोठी म्हणजे यंत्र थोर, असे ते मानत नाहीत.

चढणारा उतरतोही

पिकअपला टर्बो हवा की नको यावर गप्पा रंगतात, पण ब्रेकबद्दल कुणी फारसे बोलत नाही. तोही हिशेब करू. ३,००० किलोची गाडी घाटातून ५०० मीटर खाली उतरते, तेव्हा तिची स्थितिज ऊर्जा १ कोटी ४७ लाख ज्यूलने कमी होते. ही ऊर्जा कुठे जाते? थोडी हवेच्या विरोधात आणि घर्षणात, थोडी इंजिनाच्या रोधात जाते, आणि उरलेली ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन बसते. ही सर्व उष्णता पाण्याला दिली, तर ३० अंशांचे ५० लिटर पाणी उकळीला येईल! म्हणूनच जाणते चालक ज्या गिअरमध्ये घाट चढतात, त्याच गिअरमध्ये तो उतरतात आणि इंजिनाला रोध करू देतात.

दोन टर्बोंच्या भरवशावर कुणी दीड टनाच्या जागी अडीच टन माल भरला, तर चढताना इंजिन कदाचित तो ओढेलही. पण उतरताना ब्रेक, स्प्रिंगपाटे आणि टायर मात्र पूर्वीचेच असतात. गाडीची क्षमता तिच्या सर्वांत बलवान भागावर ठरत नाही, सर्वांत दुबळ्या भागावर ठरते.

कायदाही याच विचाराने केलेला आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेली आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेली वाहनाची वैशिष्ट्ये मालकाला मनाने बदलता येत नाहीत. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या मानकांमुळे नव्या गाड्यांत धूर गाळणारी यंत्रणा आणि इंजिनावर देखरेख करणारा संगणक असतो. या घडीव साखळीतली एक कडी बदलली की पुढच्या सर्व कड्यांचे गणित चुकते.

प्रयोग करा, पण बाकावर

इथे एखादा चुणचुणीत वाचक विचारील, ‘मग आम्ही काहीच करून पाहायचे नाही का? कोल्हापूरचे कारागीर यंत्रे उघडून, जोडूनच शिकले ना?’ प्रश्न रास्त आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील कारखान्यांनी शेतीच्या पंपांसाठी ऑइल इंजिने बनवली. त्यांच्या संथ ठोक्यांवर कित्येक मळ्यांनी विहिरीचे पाणी उपसले. विजेचे पंप आले आणि ते ठोके थांबले, पण ओतकाम आणि सुटे भाग घडवण्याचे कौशल्य टिकले. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत इंजिनांचे पिस्टन आणि बेअरिंग तयार होतात. दहा टनांचा भार ज्या भागांवर येतो असे आपण मघाशी पाहिले, तेच हे भाग! ते घडवणारा कामगार मायक्रोमीटर हातातून खाली ठेवत नाही. केसाहून कमी जाडीचा फरक पडला, तरी तो नग बाजूला काढतो.

उद्यमनगरचा खरा वारसा हा मोजमापाचा आहे. तेव्हा प्रयोग जरूर करा, पण तो घाटातल्या रस्त्यावर, घरच्यांच्या पोटापाण्याच्या गाडीवर करू नका. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किंवा तंत्रनिकेतनात बाकावर पक्के बसवलेले एखादे जुने इंजिन असते. तिथे शिक्षकांच्या देखरेखीखाली हवेचा दाब, बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान आणि जळालेले डिझेल मोजता येते. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था देशातल्या वाहनांची तपासणी करते. तिथेही याच राशी मोजतात, फक्त साधने अधिक नेमकी असतात.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. नववीच्या वर्गात कार्य, शक्ती आणि ऊर्जा शिकवताना फळ्यावर नेहमीचा डोंगर काढण्याऐवजी एकदा करूळचा किंवा आंबा घाट काढावा. विद्यार्थ्यांनी कोनमापकाला दोरा आणि दगड बांधून गावाजवळच्या चढाचा कोन मोजावा. १५ मीटरला १ मीटर चढ म्हणजे सुमारे पावणेचार अंश येतील. मग पिकअपच्या नोंदणीपुस्तकातले वजन घेऊन वरचा हिशेब स्वतः मांडावा. वर्गातल्या कुणाचे वडील किंवा काका गाडी चालवत असतील, तर त्यांना बोलावून उत्तर पडताळून पाहावे. कोणत्या चढाला कोणता गिअर लागतो, हे ते पुस्तकाहून चांगले सांगतील.

आणि ज्यांच्या घरी टर्बोची गाडी आहे, त्यांनी आज एवढे तरी करावे. हवेची जाळी वेळच्या वेळी स्वच्छ ठेवायला सांगा, कारण कोंदलेल्या जाळीतून टर्बोलाही हवा ओढता येत नाही. तेल ठरल्या वेळी बदलायला सांगा, कारण लाख फेऱ्यांचा तो दांडा त्याच्याच आधाराने तरतो. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे मंद चालू द्यायला सांगा, म्हणजे तापलेल्या टर्बोतले तेल जागीच जळून कोळसा होणार नाही. या तिन्ही गोष्टींना मिळून दुसऱ्या टर्बोच्या किमतीचा अल्पसा भागही लागत नाही, आणि घाटात त्यांचा उपयोग मात्र रोज होतो.